वॉल्ट्झमधला नमस्कार

बाबा, मला नाच शिकायला घालायची कल्पना तुमची होती. आईला ती फारशी पसंत नव्हती आणि मला कोणी विचारलंच नव्हतं. तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की इथल्या चांगल्या घरातली मुलं नववीत टान्झकुर्सला जातात. तिथे वॉल्ट्झ शिकवतात, मुलीला खुर्ची कशी ओढून द्यायची ते शिकवतात आणि शेवटी गावच्या हॉलमध्ये आईवडिलांसमोर मोठा बॉल होतो. त्यातलं ‘चांगल्या घरातली’ एवढंच तुम्ही ऐकलंत. पुण्यात असताना मला स्कॉलरशिपच्या परीक्षेला ज्या उत्साहाने बसवलं होतंत, त्याच उत्साहाने तुम्ही माझं नाव घालून आलात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेपासून ट्रामने अर्ध्या तासावरचं आपलं ते गाव. आख्खा वर्ग तिथे जात होता, त्यामुळे मीही फार कुरकुर केली नाही. तुम्ही मला तिथे सोडलंत, गाडीच्या आरशात केस नीट केलेत आणि म्हणालात, “मान वर करून नाच.” तुम्हाला आरशात बघायला आवडायचं. तुम्ही गोरे, घारे, आणि त्या घाऱ्या डोळ्यांचा तुम्हाला कोण अभिमान! मी आईवर गेले होते. घरी पाहुणे आले की तुम्हीच ते सगळ्यात आधी सांगायचात, हसत हसत.

पहिल्या दिवशी मुली एका भिंतीला, मुलं समोरच्या भिंतीला. डान्सवाल्या बाई टाळी वाजवतात आणि मुलं धावत सुटतात, बसमध्ये खिडकी पकडायला धावावं तशी. माझ्या डाव्या उजव्या बाजूच्या मुली एकेक करून जातात. मी भिंतीवरच्या हीटरकडे बघत उभी आहे. समोरच्या भिंतीला एकच मुलगा उरलाय. तो धावलाच नव्हता. त्याचे आईवडील घानाचे, वडील वारलेले, आई दातांच्या दवाखान्यात कामाला. तो इथेच जन्मलेला, आमच्या सगळ्या वर्गात गावची बोली सगळ्यात अस्सल तोच बोलायचा. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “वा, तुम्ही दोघं किती शोभून दिसता!” त्या म्हणाल्या, आणि आमचे हात स्वतः एकमेकांत दिले. मनापासून बोलल्या हो. वाईट बाई नव्हत्या त्या.

त्या क्लासची एक रीत होती. दर थोड्या वेळाने बाई संगीत थांबवायच्या, “जोडीदार बदला!” म्हणायच्या, आणि सगळं वर्तुळ एकेक घर पुढे सरकायचं. प्रत्येकाला प्रत्येकाबरोबर नाचता आलं पाहिजे, हे त्यांचं ब्रीदवाक्य. फक्त आमच्यापाशी आल्या की त्या हात वर करायच्या: “तुम्ही दोघं राहू द्या, तुमची सवय झालीये.” दर आठवड्याला. आम्ही कोटांच्या रॅकपाशी नाचायचो आणि वर्तुळ आम्हाला वळसा घालून जायचं. पाटी नव्हती, नियम नव्हता, कोणी शिवी दिली नाही. नुसतं वळसा घालणं. तो म्हणाला, “आपण दोघं फर्निचर आहोत. अडवत नाही कोणाला, पण हलवायचंही नाही.” मी इतकी हसले की पाय चुकला. मग एक गोष्ट घडली, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. एकाच माणसाबरोबर आठवडेच्या आठवडे नाचून आम्ही फार चांगले नाचायला लागलो. बाकीचे अजून एकमेकांच्या बुटांवर पाय देत होते, आणि आम्ही न मोजता वळत होतो. मला त्या बॉलला त्याच्याबरोबर नाचायचं होतं, बाबा. सगळ्या गावासमोर, रॅकपाशी नाही, मधोमध. त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

एकदा तुम्ही मला न्यायला लवकर आलात आणि काचेतून पाहिलंत. घरी आल्यावर जॅकेट काढायच्या आधी म्हणालात, “तो हबशीच मिळाला का तुला?”

“अहो, काय बोलताय!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “मुलगा सभ्य आहे. मला परवा दुकानात भेटला तर पिशवी धरली माझी.”

“असेल सभ्य. माझा त्याच्यावर राग नाहीये. इश्यू वेगळा आहे.” तुम्ही खुर्ची ओढून बसलात, मला समोर बसवलंत. “त्यांनी आपल्याला चुकीच्या ब्रॅकेटमध्ये टाकलंय. हे लोक दुरून बघतात, त्यांना फरक कळत नाही. आपण जाऊन क्लॅरिफाय करायला हवं.”

हे तुम्ही अगदी शांतपणे बोललात, बिल चुकीचं आलंय, फोन करून सांगू, अशा सुरात. वर्तुळ आम्हाला का वळसा घालतं हे तुमच्या लक्षात आलं होतं, आणि ते चूक आहे असं तुम्हाला वाटलंच नाही. आपण त्या वळशाच्या आत सापडलो, एवढीच चूक. आई पोळ्या लाटत राहिली. तिचाही रंग त्या घरात रोज निघायचा, ती काय बोलणार होती?

तुमचं जर्मन तेव्हा कच्चं होतं, म्हणून बोलायला मी. डान्सवाल्या बाईंच्या छोट्याशा ऑफिसात तुम्ही कोट घालून बसलायत, मांडीवर आईने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा, जणू स्थळ घेऊन आलोय. आणि तुम्ही स्थळासारखंच बोललात. माझे वडील हेडमास्तर. मी इंजिनियर. घरात दारू नाही, मांस नाही. प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही थांबायचात आणि मी जर्मनमध्ये सांगायचे. मग म्हणालात, “त्यांना सांग, तू आईवर गेलीयेस. पण आमच्या घराण्यात घारे डोळे असतात. माझे बघा म्हणावं.” मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, “सांग ना.” मी सांगितलं, बाबा. माझा रंग कुणामुळे असा आहे आणि खरं तर मी कुणासारखी व्हायला हवी होते, हे मी एका परक्या बाईला नीट क्रियापदं लावून सांगितलं. तुम्ही पुढे वाकून डोळे मोठे केलेत. बाईंनी चष्मा सरसावून पाहिलं आणि म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर, खरंच हिरवट आहेत.” मग तुम्ही शेवटचं सांगायला लावलंत: आम्ही त्या लोकांसारखे नाही, हिला जर्मन जोडीदार द्यावा.

बाई अजिबात दचकल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली. “मी समजू शकते,” त्या म्हणाल्या, “प्रत्येकाला आपल्या माणसांबरोबर राहावंसं वाटतं.” तुम्ही मला विचारलंत काय म्हणाल्या, आणि मी सांगितलं, समजलं म्हणाल्या. तुम्ही खूष. जिन्यावरून उतरताना माझ्या पाठीवर थाप मारलीत.

पुढच्या क्लासला तो सीडी लावायला उभा. संख्या जमत नाही, तू संगीत सांभाळ, असं बाईंनी त्याला सांगितलं होतं. मी रॅकपाशी गेले तेव्हा तो म्हणाला, “तुझे बाबा येऊन गेले?”

“हो.”

“आणि तू?”

“मी भाषांतर केलं.”

त्याने सीडी डब्यातून काढली, उजेडात धरून पुसली. “चांगलं जमलं का?” त्याने विचारलं. पुढे बॉलपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

मला जर्मन जोडीदार काही मिळाला नाही. बाईंनी खरंच प्रयत्न केले, मुलांना विचारलं, त्यांच्या आयांना फोन केले. एकाचा पाय दुखत होता, एकाने चुलत बहिणीला कबूल केलं होतं, एकाची आई तर म्हणाली की फोटोत ते नीट दिसणार नाही. हे बाईंनीच मला सांगितलं, माझं सांत्वन म्हणून. शेवटी त्यांना सुचलं: “पापाच नाचू दे तिच्याबरोबर! किती गोड!” आणि तुम्हाला तो मान वाटला. घरच्या हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवून तुम्ही माझ्याकडून वॉल्ट्झ शिकलात, रोज जेवणाआधी, एक दोन तीन, एक दोन तीन, पायात सपाता. मला तुमचा इतका राग आलेला होता की तुमच्या खांद्यावर ठेवलेला हात मी लाकडासारखा ताठ धरायचे, आणि तुम्ही म्हणायचात, “रिलॅक्स.”

बॉलला टेबलं आधीच लावलेली. आपलं अगदी टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि त्याच टेबलावर तो आणि त्याची आई. तुम्ही एवढं क्लॅरिफाय करूनही कोणी टेबल हलवायची तसदी घेतली नव्हती. त्याच्या आईने गडद निळा ड्रेस घातला होता. ती माझ्या आईशी छान बोलली, मग तुमच्याकडे वळून म्हणाली, “माझा मुलगा सांगतो तुमची मुलगी फार सुंदर नाचते. त्याला तिच्याबरोबर नाचू दिलं नाही याचं मला वाईट वाटतं.” आवाज न चढवता, सरळ तुमच्या घाऱ्या डोळ्यांत बघून. तुम्ही मला विचारलंत, काय म्हणाल्या? मी म्हटलं, हॉल छान सजवलाय म्हणतात. “या, या,” हो हो, असं जर्मनमध्ये म्हणत तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवलीत.

पहिला नाच झाला. एकेका मुलीबरोबर एकेक मुलगा, आणि माझ्याबरोबर तुम्ही. लोक कौतुकाने बघत होते. नंतर पालकांचा नाच, मुलगे आयांबरोबर, मुली वडिलांबरोबर, आणि त्याच्या अर्ध्यावर बाईंनी माईकवरून हाक दिली, “जोडीदार बदला! आज सगळे सगळ्यांबरोबर!” त्या दिवशी त्यांनी आमच्यापाशी हात वर केला नाही. आनंदात विसरल्या असाव्यात. वर्तुळ सरकलं आणि तो माझ्यासमोर आला, त्याची आई तुमच्यासमोर. त्याने हात पुढे केला. मधोमध होतो आम्ही, बाबा, अगदी मधोमध. त्याची आई दोन्ही हात उचलून उभी, एक तुमच्या खांद्यासाठी, एक तुमच्या तळव्यासाठी. आणि तुम्ही एक पाऊल मागे सरलात, माझं मनगट सोडलंत, आणि तिला नमस्कार केलात. हात जोडून, कमरेत वाकून, देवळात करावा तसा. हात जोडलेले असले की कोणाला द्यावे लागत नाहीत. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. “किती छान, भारतीय पद्धत!” कोणीतरी म्हणालं, कोणीतरी फोटो काढला. तिला मात्र कळलं. इतक्या लोकांत तिला एकटीला कळलं. तिचे हात हवेत तसेच राहिले, संगीत चालू होतं, जोड्या तिला वळसा घालून जात होत्या. मग तिने ते हात सावकाश खाली घेतले. त्याने माझ्याकडे पुढे केलेला हात आईच्या पाठीवर ठेवला आणि दोघं जेवण न करताच निघून गेले. मी हात पुढे करून उभी होते. तुम्ही तो पकडलात आणि पुन्हा मोजायला लागलात, एक दोन तीन.

गाडीत तुम्ही शीळ वाजवत होतात. “पाहिलंस? टाळ्या वाजवल्या लोकांनी.” आई मागे बसली होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, समोर बघून चालवा.” मी तुमचा द्वेष केला, बाबा. हे कोणाला बोलता येत नाही, गेलेल्या माणसाबद्दल तर नाहीच, म्हणून इथे लिहिते. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी तुमचं सगळं केलं, औषधं, उशा, नखं, आणि त्या सबंध काळात तुमचे हात बघितले की मला ते जोडलेलेच दिसायचे. तुम्ही एकदा म्हणालात, “तू फार छान नाचायचीस.” मी म्हटलं, झोपा आता.

तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. माझी मुलगी नववीत आहे. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर जर्मनमध्येच देते. तिच्या वर्गातल्या मुलांची टान्झकुर्सची बोलणी चाललीयेत. काल मी भाजी चिरत होते, ती ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, ओपाची, म्हणजे आजोबांची, तुमची, ती गोष्ट सांग ना, डान्सची. तिला ती पाठ आहे. नवऱ्यालाही पाठ आहे. लग्नात मी ती सांगितली होती, आणि त्याआधी तुमच्या अंत्यविधीला, छोट्या चॅपेलमध्ये, जर्मनमध्ये, उभं राहून. घरातलं टेबल भिंतीला सरकवून माझे बाबा सपाता घालून वॉल्ट्झ शिकले, कारण त्यांच्या मुलीला जोडीदार मिळाला नव्हता. तुमच्या ऑफिसातली माणसं रडली होती. अशी गोष्ट एकदा सांगितली की लोक ती पुन्हा मागतात, आणि खरं सांगू का, मला सांगायला आवडते. तीत माझ्यावर कोणीतरी जीव टाकतं.

मुलगी म्हणाली, “आणि मग नमस्कार!” मी सुरी खाली ठेवली, हात जोडले, कमरेत वाकून दाखवलं. ती टाळ्या वाजवत म्हणाली, ओपा किती गोड होता. माझ्या गोष्टीत तुम्ही तो नमस्कार सगळ्या हॉलला करता, बाबा. तुमच्यासमोर कोणीच उभं नसतं.