राखाड्याची बहीण

सोमवार, ४ मार्च

ती बाई आज दुकानात आली. चष्म्यासाठी नाही. काउंटरवर एक जुनं कात्रण ठेवलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. चाळीस वर्षांपूर्वीचं. दादाचा फोटो — पंधरा वर्षांचा, केस विस्कटलेले. खाली छापलंय : ‘सोबत असलेल्या धाकट्या बहिणीने मात्र काहीही पाहिले नाही.’

ती बहीण तुम्हीच ना, म्हणाली. हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

माहितीपट करते म्हणे. ज्यांनी ज्यांनी ते राखाडी लोक पाहिलेत, त्यांना भेटत फिरते. बुटके, टकले, मोठ्या डोक्याचे, पापण्या नसलेल्या काळ्याभोर डोळ्यांचे. आकाशातून आलेले. आणि दादा कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झालाय! मला एका शब्दानं विचारलं नाही त्यानं. मी म्हटलं, मला काही माहीत नाही, कागदावर छापलंच आहे की. ती हसली, कार्ड ठेवून गेली.

नंतर एका गिऱ्हाइकाच्या नंबरात उणेऐवजी अधिक लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानंच लक्षात आणून दिलं म्हणून निभावलं.

मंगळवार, ५ मार्च

कार्ड फाडून टाकलं. मग तुकडे वेचून चिकटपट्टीनं जोडले. वय वर्षं एकोणपन्नास!

गुरुवार, ७ मार्च

दादाकडे जाऊन आले. पुढच्या खोलीत नेहमीसारखा शिलाई मशीन उघडून बसलेला, दातांत स्क्रू. वहिनी आत धुसफुसत होती. मला बघून बाहेर आली आणि सगळा राग माझ्यापुढे ओतला. तिचं चुकत नाही. बाहेर पाटीवर दादाचं नाव मोठ्या अक्षरात आहे, पण लोक अजून म्हणतात, ‘मशीन राखाड्याकडे टाक.’ पोरं तर त्याचं खरं नाव जाणतही नाहीत. या एका गोष्टीपायी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. जहाजावरची नोकरी अगदी हातात आली होती — मुलाखतीत साहेबानं एवढंच विचारलं की तो पेपरातला मुलगा तूच का. संपलं. वहिनी नंतर आली, सगळं ऐकून-सवरून आली. आता म्हणते, लोक आत्ता कुठे हसायचे थांबलेत, हे पुन्हा कशाला उकरायचं?

मी पण तिचीच री ओढली. दादानं दातांतला स्क्रू काढला. म्हणाला, ‘ती हसायला नाही आली. ऐकायला आलीय.’ पुन्हा स्क्रू दातांत.

घरी चालत आले. तीन स्टॉप. तरी पाय शांत झाले नाहीत, चौथ्या स्टॉपपर्यंत जाऊन परत फिरले.

शनिवार, ९ मार्च

लिहूनच टाकते. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार?

मी पाहिलंय.

बाबा पाण्याच्या टाकीवर कामाला होते, गावामागच्या टेकडीवर. सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा आम्ही दोघं घेऊन जायचो. त्या दुपारी बाबा खाली पाइपलाइन बघायला गेलेले. दादा पंपाच्या खोलीच्या दारात बसला. मी नऊ वर्षांची, एका जागी बसेन तर शपथ! टाकीला वळसा घालून मागच्या पायऱ्यांकडे गेले. तिथं सावली असते.

तिथं तो होता. माझ्याएवढाच उंच. ओल्या राखेचा रंग. नाक म्हणजे टाचणीनं टोचल्यासारखी दोन भोकं. एक हात टाकीच्या भिंतीवर टेकवलेला — लांब लांब तीन बोटं. भिंत गार आहे का बघतात तसा. मग त्यानं डोकं वळवलं. त्या डोळ्यांत मी मला दिसले, फ्रॉकसकट. भीती वाटली का? आधी नाही. आधी वाटलं, बिचाऱ्याला ऊन सोसत नसेल.

मग पळाले. त्यानंतरचं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते थेट घर : बाबांचा चढलेला आवाज, दादा खाली मान घालून सांगतोय, आणि मी म्हणतेय, ‘मी नाही काही पाहिलं.’

मला त्या काळी झटके यायचे. हात वाकडे व्हायचे, शुद्ध जायची. बाबांची बहीण, आत्या, सारखी बाबांना म्हणायची, हिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवा. दहाव्या वर्षी झटके आपोआप थांबले. पण स्वतःवरचा भरवसा काही परत आला नाही. एकच आधार — दादानंही पाहिलंय. एकच झटका दोघांना कसा येईल?

आणि त्याच दादाला मी एकटं टाकलं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर!

रविवार, १० मार्च

बाई घरी आली. हिला पत्ता कुणी दिला? दादानं नाही, तो शपथेवर सांगतो. बहुतेक वहिनीनं. मला काही ठाऊक नाही हे माझ्याच तोंडून ऐकवून ती बाईला वाटेला लावायला बघतेय.

जाडजूड वही आणली होती. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी काढलेली चित्रं. एकेक पान उलटत विचारत होती. हा असा? की हा असा? मी लोकांना भिंगं बदलून रोज हेच विचारते — हे स्वच्छ दिसतंय की हे? आज माझी पाळी. बहुतेक चित्रं भलतीच. कुणाला शिंगंच काय काढलीत, कुणाला चक्क टोपी घातलीय. सातव्या पानावर तो होता. कुणा ट्रक ड्रायव्हरनं पेन्सिलीनं काढलेला. मान जरा पुढे, तीच.

मी म्हटलं, नाही हो, मला काय कळतंय त्यातलं. चहा टाकते.

गॅस पेटवला आणि पातेलं ठेवायचं विसरले. ती आत आली तेव्हा मी जाळाकडे बघत उभी.

मंगळवार, १२ मार्च

आज दादाचं चित्रीकरण. मशिनी बाजूला सारून जागा केली होती. मी वहिनीबरोबर स्वयंपाकघरात, दार अर्धं लोटलेलं. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून अख्खी गोष्ट मी ऐकलीच नव्हती. विषय निघाला की मी उठून जायचे.

आज गेले नाही. शांतपणे सांगत होता, कुठं तिखटमीठ नाही. ओल्या राखेचा रंग. टाचणीची भोकं. आणि मग म्हणाला, ‘हात भिंतीवर टेकवला होता. तीन बोटं. भिंत गार आहे का बघतात तसा.’

मी नळ बंद केला. वहिनीनं काय झालं म्हणून पाहिलं. काही नाही म्हटलं.

माझेच शब्द! जे मी कधी कुणाला सांगितले नाहीत, ते. आनंदच झाला खरं तर, वेड्यासारखा. म्हणजे ते होतं. दोघांनी पाहिलेलं अगदी एकच.

बाईनं विचारलं, तुम्ही कुठं होतात? ‘पंपाच्या खोलीच्या दारात.’ आणि बहीण? दादा म्हणाला, ‘ती लहान होती. तिला यात ओढू नका.’

अजून मला सांभाळतोय.

बुधवार, १३ मार्च

उद्या सांगते त्याला. उद्या नक्की.

शुक्रवार, १५ मार्च

काल सांगितलं नाही. गिऱ्हाईक होतं. (नव्हतं.)

आज दुपारी टेकडीवर गेले, बाईबरोबर. दादाचे गुडघे धड नाहीत, म्हणून जागा दाखवायला मी. टाकी आता वापरात नाही, झाडोरा माजलाय, पण आहे तशी आहे. पंपाची खोलीही आहे, दाराची नुसती चौकट. बाई कॅमेरा घेऊन झाडांमागे गेली. मी दादाच्या जागी बसून पाहिलं.

समोर टाकीचं गोल पोट. मागच्या पायऱ्या दिसत नाहीत. उभी राहिले, नाही दिसत. चौकटीला टेकून मान बाहेर काढली, तरी नाही. दोन पावलं डावीकडे, चार उजवीकडे. नजर वाकत नाही, धंद्यात एवढं तर शिकलेय.

मग त्याला बोटं कशी दिसली?

मागे आला होता म्हणावं, तर मला दिसला असता. तिथं आम्ही दोघंच होतो. मी आणि तो राखाडी.

बाईला काही बोलले नाही. उतरताना दोनदा घसरले.

शनिवार, १६ मार्च

सकाळपासून तीन वेळा दुकानाच्या काचा पुसल्या. मालक म्हणाले, बाई, काच झिजेल.

म्हणजे दादा खोटं बोलला? दादा? जो गिऱ्हाइकाला मशीन अजून दहा वर्षं चालेल, नवं घेऊ नका म्हणून परत पाठवतो? आणि खोटंच बोलला, तर माझ्या डोळ्यांतलं त्याच्या तोंडात गेलं कसं?

बस्स झालं. चारला सुट्टी घेऊन निघतेय. आधी माझं सांगणार. मीही पाहिलं होतं, आणि तुला एकटं सोडलं. मग त्याला विचारणार. पुढे जे व्हायचं ते होवो.

रविवार, १७ मार्च

काल दादाकडे सगळं बोलून टाकलं. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘मी काहीच पाहिलं नाही गं. मला दारात डुलकी लागली होती. तू पळत आलीस, दातखीळ बसल्यासारखी. थांबत थांबत सगळं सांगितलंस आणि मग तुला झटका आला.’

आत्याच्या कानावर गेलं असतं तर मला त्याच आठवड्यात नेऊन ठेवलं असतं, म्हणाला. म्हणून शुद्धीवर आल्यावर टेकडी उतरेपर्यंत माझ्याकडून घोकून घेतलं — मी काही नाही पाहिलं, मी काही नाही पाहिलं. पण माझी किंकाळी खाली बाबांनी ऐकली होती, काय झालं ते सांगणं भागच होतं, म्हणून पाहिलेलं सगळं त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं. त्याला सांगितलेलं आणि हे घोकणं मी विसरून गेले. त्याला ते बरंच वाटलं.

म्हणजे मी एकटीच. दुसरं कुणी नव्हतंच!

विचारलं, मग तुला कधी शंका नाही आली? तो झटकाच असेल असं?

‘तू सांगितलंस ना,’ म्हणाला. ‘मला तेवढं पुरलं.’

आज सकाळी बाईला फोन लावला. उद्या दहाला या म्हटलं. कॅमेरा घेऊन. दादाकडे नाही, माझ्याकडे.