घरापर्यंत पाचशे

२१ ऑक्टोबर
पट्टा छातीभोवती आवळला, आकडी लागली आणि फोनवर नाडी उमटली : ८८. घरमालकीण रेजिनाबाईंनी टाळी वाजवली. "चालतो, मास्तर! बघा, अजून चालतो!"
सांडोरला येऊन दोन दिवस झाले. शाळा नवी, खोली नवी, खिडकीखाली केळीची बाग. सगळं छान आहे. डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितलंय. नाडी एकशे चाळीसवर गेली की थांबायचं, हृदयाला झेपणार नाही, असंही बजावलंय. ते ऐकून बाईंनी नवऱ्याचा, स्टॅनींचा, नाडी मोजायचा पट्टा काढून दिला. स्टॅनी रोज पहाटे राजोडीच्या समुद्रापर्यंत धावायचे. घरी परत पोचेपर्यंत बरोबर पाचशे कॅलरी. गेल्या वर्षी परतताना वाटेत पडले ते उठलेच नाहीत. पट्ट्यातली शेवटची नोंद फोनवर आली : ४१२.

२३ ऑक्टोबर
तीन किलोमीटर चाललो. नाडी ११८, कॅलरी १६०. पट्ट्याला मात्र खवट लोण्याचा वास आहे. आतून पिवळट थर. धुवायला घेतला तर बाईंनी हातातून ओढला. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, झाल्यावर कपडे वाटून टाकले, त्यांचा घाम तेवढा उरलाय, म्हणाल्या. "पानी लावायचं नाय, मास्तर. आमच्या घोवाची आंघोळ तुम्ही कशाला करता?" मी हसलो.

२५ ऑक्टोबर
सकाळी वह्या तपासत बसलो होतो. पट्टा खणात. फोनवर नाडी १५१, कॅलरी ४१९. बिघडला असेल. खण उघडला. पट्टा ओला होता, कोमट. त्याला छातीचे केस चिकटलेले, पांढरे. माझे काळे आहेत.

२७ ऑक्टोबर
आज ४४१. वजन पाच किलो कमी, आणि मी दोन दिवस चाललेलो नाही. बाईंना सांगितलं. वजनाचं त्यांनी ऐकलं नाही, आकडा मात्र दोनदा विचारला. जेवायला डुकराचं मटण होतं. चरबीचे तुकडे वेचून माझ्या ताटात टाकले. "खा, मास्तर. वाटेत कमी पडायला नको."
घशाखाली उतरेना. त्या समोर बसून राहिल्या.

२९ ऑक्टोबर
४६३. आठ किलो उतरले, तरी थांबत नाही. स्टॅनी पडल्या जागेवरून निघालेत. रोज थोडे घराकडे. जळतंय ते माझं.
पट्टा केळीच्या बुंध्याशी शेणात पुरला. शाळेतून आलो तर उशीवर. शेण वाळलेलं, खाली तेलाचा डाग, छातीएवढा. उद्या खोली सोडतो.

३१ ऑक्टोबर
काल उठता आलं नाही. आज जाग आली तर पट्टा अंगावर. मी घातला नव्हता. आकडी सापडत नाही. कडांवर कातडी चढलीय. बोट घातलं तर आतून मऊ, पिवळं काही बोटाला आलं. माझंच. ओकलो. बाईंनी शांतपणे पुसलं, पुन्हा वाढलं. ४८०.

१ नोव्हेंबर
उद्या मृतांचा दिवस. गाव कबरी धुतंय. बाईंनी मेणबत्त्या आणल्या नाहीत. का, विचारलं. तिथे कुणासाठी लावू, म्हणाल्या.
४९१. हाक मारली, आवाज फुटत नाही. मनगट दोन बोटांत मावतं—

२ नोव्हेंबर
४९६. मी पडून आहे. नाडी १७२. ही धाप माझी नाही—
रस्त्यावर बूट. ४९८. बाई केस विंचरून फाटकाशी उभ्या—
कडी काढली. ४९९. जिन्यात तो वास— छातीत कुणी—

३ नोव्हेंबर
मास्तरांच्या वहीत मी, रेजिना, लिहिते. सकाळी स्टॅनी नाश्त्याला बसले. चार अंडी खाल्ली, पाव मागून घेतला. मास्तरांना चादरीत गुंडाळून बागेत नेलं. जड नव्हते. पट्टा साबणाने धुतला, दोरीवर वाळत टाकला.