वीतभर जास्त वाळू

२ एप्रिल, घार अल-मिल्ह

बटाट्याची पानं आजही मलूल. बाबांना म्हटलं, तर म्हणाले, "ऊन आहे." ऊन काय फक्त आमच्याच शेतावर पडतं? शेजारी हमादीकाकांचा बटाटा बघा, हिरवागार, मस्तवाल!

कारण मला ठाऊक आहे. बाबांनाही ठाऊक आहे. तोंड उघडायचं कोणी, एवढंच.

३ एप्रिल

शेवटी मीच उघडलं. "बाबा, वाळू जास्त झाली." त्यांनी भाकरीचा तुकडा हरीसाच्या तिखट चटणीत बुडवला. "मुंजिया, जेव गुपचूप."

चिडचिड होतेय, म्हणून इथे तरी लिहून काढते. आमच्या शेताला ना विहीर, ना पाट, ना नळ. समुद्राला जोडलेल्या तळ्याकाठची नुसती वाळू. तिच्यात मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्राला भरती आली की तळं फुगतं, खारं पाणी गोड्याला वर उचलतं, आणि मुळं तेवढ्यात पिऊन घेतात. ओहोटीला सगळं परत खाली. म्हणजे जमिनीची उंची हाच सगळा खेळ! सखल राहिली तर मुळं खाऱ्यात, उंच झाली तर तहानलेली. दर हिवाळ्यात थोडी वाळू, थोडं शेणखत घालून ती बरोबर राखायची. पणजोबांपासून हेच चालत आलंय.

आणि यंदा बाबांनी वीतभर जास्त घातली. चुकून नाही — मुद्दाम! "तळं चढतंय. हा थर रिहामसाठी. ती तुझ्या वयाची होईल तेव्हा पाणी इथवर आलेलं असेल."

रिहाम माझी लेक. बिझर्तला शिकते, आणि शिकून परत येऊन शेतीच करणार म्हणते. तिच्यासाठी थर! आणि तोवर आम्ही काय खायचं?

७ एप्रिल

वारा नाही. पानं कडेनं तपकिरी.

९ एप्रिल

केलं मी ते. उजाडता उजाडता घरून दोन डबे पाणी नेलं आणि ओळीनं ओतत सुटले. आमच्याकडे शेताला वरून पाणी कोणी घालत नाही. नाहीच घालत. घालणाऱ्याला आपली जमीन कळत नाही, असा अर्थ होतो. आणि नेमके हमादीकाका बोट बांधत होते.

"अगं मुंजिया! शेताला बाटलीनं दूध पाजतेस की काय?"

दुपारपर्यंत गावभर. कॉफीच्या दुकानात बाबांना कोणीतरी विचारलं म्हणे, "काय खमैस, बाळाला दात आले का?" बाबा घरी आले ते न जेवताच आडवे झाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१० एप्रिल

रिहामला फोनवर सगळं सांगितलं. आधी खदाखदा हसली. मग म्हणाली, "आई, काढून टाका ना ती वाळू. मी आले की घालीन परत. तू आजोबांना फोन दे." ती काय बोलली कोण जाणे. बाबा आपले "हं… हं…"

१३ एप्रिल

बाबा बांधावर बसले होते. मीही जाऊन बसले. मग ते आपणहून बोलले.

"माझा बाप वर्षाला चार टोपल्या टाकायचा. मला आता कितीही टाकली तरी पुरत नाही. तळं खरंच एवढं भराभर चढतंय, की मी म्हातारा झालो म्हणून मलाच घाई झालीय? कळत नाही गं."

इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते. माणूस हट्टी नाही, घाबरलाय. आपल्यामागे पोरीच्या हाती मिठागर पडेल, याची भीती. मला एकदम रडूच आलं. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "काढ. गुरुवारी काढू. फेकू मात्र नकोस, कडेला ढीग लाव."

१४ एप्रिल

हमादीकाका स्वतः फावडं घेऊन येणार आहेत. "दूध तुझं तू आण!" म्हणे. हसू आलं. त्यांच्या कांद्याचे शेंडे पिवळे दिसले. तसं म्हटलं, तर म्हणाले, "ऊन आहे."

वादळ नाही, काही नाही, पण बोटीकडे जायच्या वाटेवरचे दगड ओहोटीलाही पाण्याखालीच. कालही तसेच होते.

१६ एप्रिल

फावडी घेऊन आम्ही तिघं शेतावर गेलो, तर बटाटा ताठ उभा! पानं टवटवीत. कोणी थेंबभर पाणी घातलेलं नाही, मी तर नाहीच. मी चक्क टाळ्या पिटल्या. बाबांनी कोपरापर्यंत हात वाळूत घातला, ओली बोटं चाटली. गोडं. मग हमादीकाकांच्या शेतात घातला, बोटं चाटली आणि थुंकले. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खालीच बसले.

बाबा म्हणाले, "हे रिहामचं पाणी. आजच आलं."