जिभेची तालीम

ती. सत्यभामा आक्कांना, मुक्काम केज,

तुमच्या भावजयीचा, वनमालाचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे हायत? तेल चोळता का नुसतं उशाला ठेवता? आमची शेळी व्याली, बाकी ठीक.

तुमच्या धाकट्या भावाचं (म्हणजे आमच्या यांचं) घोरणं तुम्हाला लहानपणापासून ठावं हाय. घोरण्याचं काही न्हाई वो आक्का, माझा जीव जायचा तो घोरणं थांबल्यावर. मधीच श्वासच बंद. मी कोपरानं ढोसायचे, मग म्हशीगत फुर्र करून गाडं परत सुरू. सारा संसार मी एक डोळा उघडा ठेवून केला. शेवटी करिष्मानं (आपली नात, आता माझ्यापेक्षा उंच झालीय) यांना अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. रातभर वायरी लावून निजवलं आन् सांगितलं, झोपेत जीभ ढिली पडून मागं जाती, घसा बंद होतो. नाकाला लावायचं हवेचं यंत्र दिलं आन् वर जिभेचा व्यायाम. मी बघतच राहिले. जी जीभ जन्मभर मला बोलून दमली न्हाई, तिला तालीम.

जीभ हनुवटीपर्यंत काढायची, टाळूला चिकटवायची, एकेक गाल फुगवायचा, आऽऽ म्हणायचं. व्यायाम शिकवणारी दवाखान्यातली मॅडम म्हणाली, आरशापुढं करा. पण यांना घरात कोंदतं, म्हणून आंघोळ करून, कुंकू लावून बसले ओट्यावर. त्यात देवीचा मंगळवार. समोरची गीताबाई पाण्याला निघालेली (आमची चाळणी अजून तिच्याकडंच हाय, आन् तिची शेळी आदल्या दिवशी हरवलेली), तिनं जीभ बघितली, आऽऽ ऐकलं, घागर खाली ठेवून हातच जोडले. "आई, कशापायी आलीस? माझी शेळी घावंल का?" जीभ बाहेर, बोलणार कसे? परत आऽऽ केलं. तिनं तो होकार धरला. मग यांनी डावा गाल फुगवला, ती डावीकडच्या शिवारात गेली, आन् शेळी बोरीखाली उभी.

तवापासून दर मंगळवारी ओट्यावर बाया आन् नारळांची रास. मी सांगते, बायांनो, व्यायाम हाय. तर मलाच म्हणतात, "घरात देवी आली तरी लपवतीस, वनमाला."

पण आक्का, खरा चमत्कार दुसराच. आता निजले की श्वास असा संथ चालतो, जसं लांब कुणी पोथी वाचतंय. मी ऐकत बसते. एवढ्याशा मांसाच्या तुकड्यावर माणसाचा जीव टांगलेला, आन् तो शिकवला तर शिकतो. लई नवल वाटतं.

तुमची,
वनमाला

ता. क. दवाखान्यानं परत वायरी लावायला बोलावलंय. मॅडम म्हणती, आवाज कमी झाला म्हणून श्वास अडायचा थांबला असं धरू नका. हे म्हणतात, "ज्याच्या अंगात आई येती त्याला कशाच्या वायरी?" यंत्र पेटीत घालून वर नारळं रचलीत. माझा एक डोळा परत उघडा. तर येत्या मंगळवारी पहिल्या जीपनं या आन् सगळ्या बायांसमोर देवीलाच विचारा, "माझ्या भावाला अंबाजोगाईला नेऊ का?" फोन करू नका, फोन हेच उचलतात.

अजून एक. नारळ विकत आणू नका, आमच्यातलाच घेऊन ठेवा. आन् न्हाई म्हणतील अशी धास्ती धरू नका. जीभ बाहेर असताना न्हाई म्हणताच येत न्हाई, नुसतं आऽऽ निघतं. त्याचा अर्थ गीताबाईनं ठरवूनच ठेवलाय.