चिबड

७ फेब्रुवारी
जर्मनीच्या हेड ऑफिसचा कॉल. तिकडचं पर्यावरणाचं काम बघणारी हाना त्यांची दलदल दाखवत होती. आधीच्या पिढ्यांनी चर खणून वाळवलेली जमीन, आता तेच चर बुजवून पाणी परत आणतायत. ओली माती कार्बन धरून ठेवते, वाळली की सोडते म्हणे. हवामान सावरायचं तर असल्या जागा आधी जपा. मग म्हणाली, आता तुमचं चऱ्होलीचं जंगल दाखव. दाखवलं. रांगेत रोपं, कुंपण, कंपनीचा बोर्ड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा बंद केला.

१० फेब्रु.
हानाची दलदल डोक्यातून जात नाही. गेल्या वर्षी या जंगलासाठी जागा बघायला गेले होते, तेव्हा शेजारचे सोपानतात्या भेटले. एक विहीर, दोन म्हशी. म्हणाले, "ती चिबड हाय, बाई." मी फॉर्ममध्ये लिहिलं : निरुपयोगी, सुधारणा आवश्यक.
आम्ही सांगलीकडचे. आमच्याकडे चिबड म्हणजे उसाला पाणी पाजून पाजून वाया गेलेलं रान. आमचं चिबडलं तेव्हा आबा बांधावर बसून रडले होते. म्हणून तात्यांची चिबड कसली, हे पुढे विचारलंच नाही. फार शहाणी ना मी! मग डंपर आले, आत येणारा ओढा बाजूने वळवला, मुरमाचा भराव पडला, वर झाडं.

१६ फेब्रु., रविवार
चऱ्होली. तात्यांची विहीर कोरडी. उन्हाळा अजून लागायचाय.
"सगळ्यांच्या हिरी आटायच्या, माझी न्हाई. चिबडीत बारमाही पाणी, तितनं झिरपायचं. म्हशीबी तितंच डुंबायच्या."
म्हशी लेकीकडे धाडल्यात. कोरा चहा दिला, आणि दूध नाही म्हणून वाईट त्यांनाच वाटलं. कप खाली ठेवला. सांगून टाकलं, फॉर्म मी भरला होता.
"तुला ठावं नव्हतं, पोरी."
"तुम्ही सांगितलं होतं, तात्या."


१९ फेब्रु.
ऑफिसात आमच्या सरांना सांगितलं. भराव काढू, ओढ्याचं पाणी परत आत घेऊ. सर शांतपणे म्हणाले, कंपनीनेच लावलेली झाडं कंपनीनेच उपटायची? लोक काय म्हणतील? रिपोर्ट चांगला गेलाय, कशाला उकरून काढता.
करंज, कडुनिंब छान जगलेत. त्यांचा तरी काय दोष. पण रडू आलं, वॉशरूममध्ये जाऊन रडले.

२४ फेब्रु.
हानाची मेल. तिकडच्या पुस्तिकेत चऱ्होली घेतायत. जागा आधी कशी होती, दोन ओळी हव्यात.
चिबडला इंग्रजी शब्द शोधत बसले. शेवटी साधंच लिहिलं : इथे पाणी राहत होतं. ते आम्ही घालवलं.
सरांना दाखवायला पाठवलं.

२५ फेब्रु.
सरांनी दुसरी ओळ काढून परत पाठवलंय. 'आता पाठवा.' पहिलीत 'पावसाळ्यात' घातलंय.
दुपारपर्यंत मेल उघडी ठेवून बसले. काढलेली ओळ परत टाकली. पुसली. परत टाकली. नोकरी, घराचे हप्ते, सगळं डोळ्यासमोर.
तेवढ्यात तात्यांचा फोन. संकोचत विचारत होते, झाडांना पाणी घालायला कंपनीचा टँकर येतो, त्यातलं दोन हंडे पाणी मिळंल का.
विचारून सांगते, मी म्हणाले. मेल अजून उघडीच आहे.