रमझीने कोणती हत्यारं घ्यावीत

दुमयात, सोमवार

प्रिय मेहुणे रमझी यांस,

शहाताचा सलाम. तुझी कंबर, तुझ्या बायकोचा गुडघा आणि मन्सूरातलं तुझं सिमेंटचं गोदाम, तिन्ही जागेवर असोत. इकडे तुझी बहीण ठणठणीत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईल.

नव्या कारखान्यासाठी कोणती हत्यारं घेऊ, असं विचारलंस ते बरं केलंस (तुम्हा बांधकामवाल्यांना हातोड्यापलीकडे काही दिसत नाही). करवत घेताना पातं वाकवून सोड. सरळ झालं तरच घे, दुकानदार कितीही ओरडू दे. पटाशी जुनीच घ्यावी, मेलेल्या सुताराची मिळाली तर उत्तम (विधवेशी घासाघीस करू नये). ड्रिल दुकानातच पाच मिनिटं चालव. जळका वास आला तर तिथेच ठेवून ये. राहिली विजेची करवत. गेल्या ईदला मी तुझ्या करवतीला भाजी चिरायचं यंत्र म्हणालो होतो, ते शब्द अजून मागे घेतलेले नाहीत.

आमच्या हयातच्या लग्नाचं कपाट मी आठ महिने हातांनी घडवलं. बीच झाडाचं लाकूड, खाचेत खाच, वर सरस, सांध्याला एकही स्क्रू नाही. स्क्रू लावतो तो सुतार नव्हे, असं व्याह्यांसमोर दोनदा म्हणालो. शनिवारी सामान उघड्या ट्रकवर चढवून, हॉर्न वाजवत, मुद्दाम लांबच्या रस्त्याने मिरवत नेलं. अख्ख्या गावाने कपाट डोळे भरून पाहिलं. जावयाच्या इमारतीचा जिना मात्र मी पाहिला नव्हता (जिना काय मोजायचा, म्हटलं). दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमध्ये ते असं बसलंय, की वर जात नाही, खाली येत नाही. स्क्रू असते तर सुटं करता आलं असतं, हे व्याही परवापासून गोड हसून सांगतात.

शेवटी मागची फळी काढून वाट केली. आता वरच्या मजल्यांवरचे लोक दार उघडून कपाटात शिरतात आणि मागून बाहेर पडतात. तिसऱ्या मजल्यावरची ताहाची आई आधी दार वाजवते. काल आतच गाठ पडली, तर म्हणाली, "उस्ताद, काम झकास हो तुमचं. दार जरा म्हणून कुरकुरत नाही. तेवढा आत एक पंखा बसवा." जावईबापू तर जाता-येता कोट टांगून जातात. गुरुवारी लग्न. बुधवारी त्यांच्याकडच्या बायका चौथ्या मजल्यावरचं नवं घर बघायला येणार, त्याही कपाटातूनच.

असो. हत्यारं पारखून घे.

तुझा,
शहाता

ता. क. : हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरच्याच परतीच्या गाडीने इकडे ये. तुझी विजेची करवत आण, बारीक दातांचं पातं लावून. मूठभर स्क्रूही आण (कागदात गुंडाळून).

आणखी ता. क. : कापायचं तू. मी तेवढा वेळ खाली चहाच्या दुकानात बसेन. हयात म्हणते, "बाबा, खुशाल दोन तुकडे करा, मला काही वाटणार नाही." तिला नाही वाटणार. मला वाटतं रे.