आप्पामामांचा अर्जवर्ग

सदाशिव पेठ, पुणे
८ सप्टेंबर २००१

चि. नम्रतास,
अ. उ. आ. तुमचा फोन दिवसभर इंटरनेटने अडवलेला, म्हणून पत्र.

तुझा संशोधन-अनुदानाचा अर्ज वाचला. हुमणीची अळी उसाची मुळं खाते, पण ती एखाद्याच वर्षी एवढी का माजते हे ठाऊक नाही, असं लिहिलंयस. अगं, अनुदान मागतेस की माफी? मार्चमध्ये तुझी हंगामी नोकरी संपतेय. पैसे आले नाहीत तर तुझं काम आणि तू, दोघांनी घरी बसायचं. एवढं तरी ध्यानात घे.

तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मामाला किडे कळत नाहीत, पण अर्ज कळतात. अर्ज म्हणजे लग्नाचं स्थळ. खोट सांगायची नसते. अर्ज लिहायला शिकवतो त्या माझ्या वर्गात इतिहास असो, मानसशास्त्र असो, सुरुवात एकच: 'आजवर उपेक्षित राहिलेल्या या क्षेत्रात संगणकाच्या साहाय्याने क्रांती...' हल्ली संगणक नसलेल्या अर्जाकडे दिल्लीत कुणी ढुंकूनही पाहत नाही. तुझा अर्ज नव्याने लिहून सोबत पाठवलाय. मुकाट्याने सही कर.

येशील तेव्हा जेवून येऊ नकोस, मामी रागावते.

सहीची वाट पाहणारा,
आप्पामामा

मांजरी
१९ जानेवारी २००२

ती. आप्पामामांस,
शि. सा. न. अनुदान मिळालं हे आईने कळवलंच आहे. नोकरी वाचली. मी दोन दिवस नुसती हसतेय.

आता रागावू नका. तुमचा अर्ज मी पाठवलाच नाही, माझाच धाडला. मुलाखतीत समितीच्या बाईंनी पुण्याचे आणखी पाच अर्ज पुढ्यात मांडले. पाचही क्षेत्रं आजवर उपेक्षित, पाचांतही क्रांती. पुण्यात सगळ्यांचे अर्ज एकच गृहस्थ लिहून देतात का, असं त्यांनी मला विचारलं. मी पाणी प्यायले, मामा. दुसरं काय करणार? ते पाचही नामंजूर झाले.

आणि तुमच्या वर्गाची झाडलोट करणारा शंभू सांगत होता, वर्गाबाहेर 'आमची यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून माझं नाव झळकतंय. ते आधी उतरवा. ती मुलं तुमच्यावर विसंबली होती, त्यांना खरं सांगा. आणि विचारतेच, तुम्हाला स्वतःला आजवर किती अनुदानं मिळाली?

रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची,
नम्रता

सदाशिव पेठ, पुणे
२७ जानेवारी २००२

चि. नम्रतास,
अ. उ. आ. फलक उतरवला. शंभूशी अबोला धरलाय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एकही नाही. माझ्या प्रत्येक अर्जात मला सगळं आधीच ठाऊक असायचं. मग शोधायला पैसे कोण देणार? तुझा फार राग आला. मामीने तुझीच बाजू घेतली, म्हणून तिचाही आला.

काल त्या पाचांना बोलावून खरं सांगितलं. मला काही मिळालं नव्हतं तर शिकवत कशाला होतो, असं एकाने तोंडावर विचारलं. पुण्यात तशी पद्धत आहे, म्हटलं. कुणी हसलं नाही. मानसशास्त्राची रशीदा एवढंच म्हणाली, "सर, त्या अर्जात माझा विषयच नव्हता."

वर्षभर ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसते, नम्रता. तिचा विषय काय, हे मी काल पहिल्यांदा विचारलं. ती तासभर बोलत होती.

तोंडाने फटकळ, पण तुझाच,
आप्पामामा